क्वार्टरबॅकची क्रमवारी कशी लावायची : फँटसी फुटबॉलच्या पहिल्या हंगामासाठी

ऑगस्ट उजाडला की अमेरिकेतल्या ऑफिसांत एक ईमेल फिरते. यंदाच्या फँटसी लीगमध्ये एक जागा रिकामी आहे, कोण येतंय? नुकताच इथे आलेला आपला माणूस सगळ्यांत मिसळायला मिळेल म्हणून हो म्हणतो. मग ड्राफ्टची, म्हणजे पाळीपाळीने खेळाडू निवडण्याची, तारीख जवळ येते आणि त्याच्या लक्षात येतं की आपल्याला पंधरा-सोळा खेळाडू निवडायचे आहेत आणि त्यांतली चारदोनच नावं आपण ऐकलेली आहेत. ही नावं जवळपास नेहमी क्वार्टरबॅकची असतात, कारण जाहिरातींत, बातम्यांत, कँटीनच्या टीव्हीवर तेच दिसतात. म्हणून नवा खेळाडू पहिली घाई क्वार्टरबॅक घेण्यात करतो आणि हंगामाचं पहिलं नुकसानही तिथेच करून घेतो.

मी न्यू जर्सीत एका बारा जणांच्या लीगमध्ये बरीच वर्षं खेळतो आहे. पुण्यातला माझा मामेभाऊही आता त्याच लीगमध्ये आहे. त्याला पहिल्या वर्षी फोनवर जे समजावलं, तेच इथे सविस्तर लिहितो. यंदाची तयार यादी मी देणार नाही. ती दर आठवड्याला बदलते. यादी स्वतः कशी करायची हे एकदा हातात बसलं की दर वर्षी उपयोगी पडतं.

आधी खेळ दोन मिनिटांत. फँटसीत तुम्ही खऱ्या खेळाडूंचा कागदावरचा संघ बनवता आणि ते मैदानावर जे करतात त्याचे गुण तुम्हाला मिळतात. अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमणाच्या अकरा जणांत चेंडू हातात घेऊन पुढे काय करायचं ते ठरवतो तो क्वार्टरबॅक. तो फेकतो, दुसऱ्याच्या हातात देतो किंवा स्वतः घेऊन पळतो. फँटसी क्रिकेट खेळलेल्यांना इथे दोन गोष्टी वेगळ्या वाटतील. संघ एका सामन्यापुरता नसतो, सप्टेंबरपासून डिसेंबरअखेरपर्यंत तोच सांभाळायचा असतो. आणि एक खेळाडू लीगमध्ये एकाच्याच संघात असतो. तुम्ही बफेलोचा क्वार्टरबॅक जॉश ॲलन घेतलात की बाकी अकरा जणांना तो मिळत नाही. ड्राफ्टला एवढं महत्त्व येतं ते यामुळे.

पहिली पायरी : नियमांचं पान उघडा

खेळाडूंची नावं बघण्याआधी आपल्या लीगच्या सेटिंगमध्ये जा आणि गुण कसे मिळतात ते कागदावर उतरवून घ्या. बहुतेक लीगमध्ये हिशोब असा असतो : फेकून मिळवलेल्या दर २५ यार्डांना १ गुण, फेकून झालेल्या टचडाऊनला (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपार नेला की टचडाऊन) ४, फेकलेला चेंडू प्रतिस्पर्ध्याने पकडला म्हणजे इंटरसेप्शन झालं तर वजा २, स्वतः धावून मिळवलेल्या दर १० यार्डांना १ गुण आणि स्वतः धावून केलेल्या टचडाऊनला ६.

हे आकडे पुन्हा एकदा सावकाश वाचा. धावलेला एक यार्ड फेकलेल्या अडीच यार्डांइतका. धावून केलेला टचडाऊन फेकलेल्या टचडाऊनच्या दीडपट. क्वार्टरबॅकची सगळी क्रमवारी या दोन वाक्यांवर उभी आहे.

उदाहरण २०२२ च्या हंगामातलं घेऊ. टॉम ब्रेडीचं ते शेवटचं वर्ष. टँपा बेकडून त्याने ७३३ वेळा चेंडू फेकला, एका हंगामातला हा विक्रम आहे. ४,६९४ यार्ड, २५ टचडाऊन, ९ इंटरसेप्शन. धावून मिळवलेले यार्ड वजा एक, धावून टचडाऊन एक. त्याच वर्षी शिकागोचा जस्टिन फील्ड्स फेकण्यात ब्रेडीच्या निम्म्यावरही पोचला नाही : २,२४२ यार्ड, १७ टचडाऊन, ११ इंटरसेप्शन. पण तो धावला १,१४३ यार्ड आणि धावून ८ टचडाऊन केले.

आता गुण लावा. ब्रेडी : यार्डांचे १८७.८, टचडाऊनचे १००, इंटरसेप्शनचे वजा १८, धावून टचडाऊनचे ६. साधारण २७६. फील्ड्स : यार्डांचे ८९.७, टचडाऊनचे ६८, वजा २२, धावण्याचे ११४.३ आणि धावून टचडाऊनचे ४८. जवळपास २९८. (हातून सुटून गमावलेल्या चेंडूंचे वजा गुण मी दोघांच्याही हिशोबात धरलेले नाहीत.) शिवाय फील्ड्स १५ सामने खेळला आणि ब्रेडी १७. म्हणजे सामन्यामागे एकाचे जवळपास २०, दुसऱ्याचे १६ च्या आसपास. ज्याला खेळाच्या इतिहासातला सर्वश्रेष्ठ क्वार्टरबॅक म्हणतात तो फँटसीत अशा मुलाच्या मागे राहिला, ज्याचा संघ त्या वर्षी १७ पैकी फक्त ३ सामने जिंकला.

काही लीगमध्ये फेकलेल्या टचडाऊनलाही ६ गुण असतात. तिथे हाच हिशोब पुन्हा केला तर फील्ड्स ३३२ आणि ब्रेडी ३२६. बावीसचं अंतर सहावर आलं. खेळाडू तेच, हंगाम तोच, बदलला तो फक्त एक नियम. म्हणून दुसऱ्याने केलेली क्रमवारी उचलण्याआधी ती कुठल्या नियमांवर बेतली आहे ते बघा. तुमच्या लीगचे नियम वेगळे असतील तर ती यादी तुमच्या कामाची नाही.

दुसरी पायरी : लीगला किती क्वार्टरबॅक लागतात ते मोजा

एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या खऱ्या व्यावसायिक लीगमध्ये, ३२ संघ आहेत, म्हणजे दर आठवड्याला खेळणारे क्वार्टरबॅक साधारण ३२. तुमच्या लीगमध्ये बारा जण आणि प्रत्येकी एक क्वार्टरबॅक खेळवायचा असेल तर लागतात बारा. वीस शिल्लक राहतात. रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारे, मात्र प्रत्येकाला दोन लागतात, कधी तीन, आणि भरवशाचे रनिंग बॅक फार थोडे. म्हणून अनुभवी लोक पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत रनिंग बॅक आणि रिसीव्हर (फेकलेला चेंडू पकडणारे) घेतात आणि क्वार्टरबॅकला थांबवतात.

हा धडा या खेळाच्या जन्माइतका जुना आहे. ओकलँड रेडर्स संघाचे एक भागीदार बिल विंकनबाख यांनी १९६२ मध्ये संघाच्या पूर्वेकडच्या दौऱ्यावर असताना न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात दोघाचौघांबरोबर बसून या खेळाची कल्पना मांडली. पुढच्या वर्षी, १९६३ मध्ये, ओकलँडला आठ संघांचा पहिला ड्राफ्ट झाला. त्या ड्राफ्टमधलं पहिलंवहिलं नाव होतं जॉर्ज ब्लँडा, ह्यूस्टनचा क्वार्टरबॅक. दुसरं नाव क्लीव्हलंडचा रनिंग बॅक जिम ब्राउन. त्या हंगामात जिम ब्राउन १,८६३ यार्ड धावला. फँटसीच्या इतिहासातली पहिली निवडच क्वार्टरबॅकची होती आणि ती एक जागा लवकर झाली.

तुमच्या लीगमध्ये 'सुपरफ्लेक्स' अशी जागा असेल तर मात्र सगळं उलटं होतं. या जागेवर दुसरा क्वार्टरबॅक खेळवता येतो आणि सगळे तेच करतात. बारा जणांना चोवीस लागले, वर कुणी जखमी झाला तर बदली म्हणून आणखी हवेत. बत्तीसातून ते पुरत नाहीत. अशा लीगमध्ये पहिल्या फेरीत क्वार्टरबॅक घेणं अगदी बरोबर. तिथे तो आपल्या खऱ्या संघात पहिल्या पसंतीचा म्हणून पक्का आहे ना, हेच बघावं लागतं. पुढचं सगळं मी एका क्वार्टरबॅकच्या लीगबद्दल लिहितो आहे, कारण नवे लोक बहुधा तिथूनच सुरुवात करतात.

तिसरी पायरी : वहीत गणित मांडा

इथे थोडा वेळ द्या. मला या सगळ्यात सर्वांत आवडणारा भाग हाच आहे. यासाठी संगणकही लागत नाही. एक वही, पेन्सिल आणि गेल्या हंगामाचे आकडे एवढं बस्स.

प्रत्येक क्वार्टरबॅकसाठी सहा रकाने आखा. हंगामात किती वेळा फेकेल, एका फेकीमागे किती यार्ड, शंभर फेकींमागे किती टचडाऊन, शंभरामागे किती इंटरसेप्शन, धावून किती यार्ड आणि धावून किती टचडाऊन. साधारण क्वार्टरबॅकचे आकडे लक्षात ठेवा : फेकीमागे ७ यार्ड, शंभरामागे ४ ते ५ टचडाऊन, शंभरामागे २ इंटरसेप्शन. याहून फार वरचा किंवा फार खालचा आकडा लिहिताना थांबून स्वतःला कारण विचारायचं.

दोन काल्पनिक क्वार्टरबॅक मांडून बघू. पहिला जागेवर उभा राहून फेकणारा. ५६० फेकी, ७ यार्डांनी ३,९२०. टचडाऊन २५, इंटरसेप्शन ११. धावून ८५ यार्ड आणि एक टचडाऊन. गुण : १५६.८ अधिक १०० वजा २२ अधिक ८.५ अधिक ६, म्हणजे सुमारे २४९.

दुसरा धावणारा. त्याचा संघ कमी फेकतो, ४८० फेकी. यार्ड ३,३६०, टचडाऊन २२, इंटरसेप्शन १०. धावून सामन्यामागे ४५ यार्ड, म्हणजे १७ सामन्यांचे ७६५, आणि धावून ८ टचडाऊन. गुण : १३४.४ अधिक ८८ वजा २० अधिक ७६.५ अधिक ४८. सुमारे ३२७. फेकण्यात दोघेही साधारणच, तरी फरक ७८ गुणांचा.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. २०२३ च्या उन्हाळ्यात ॲरन रॉजर्स न्यूयॉर्क जेट्सकडे आला. जेट्सचं मैदान न्यू जर्सीतच, ईस्ट रदरफर्डला. किराणा दुकानापासून ट्रेनपर्यंत दुसरा विषय नव्हता. एडिसनला एका मित्राच्या तळघरात आमचा ड्राफ्ट होता. भिंतीवर मोठा तक्ता, प्रत्येक जागेचे वेगळ्या रंगाचे स्टिकर, खेळाडू निवडला की त्याचं नाव नेऊन चिकटवायचं. सातव्या फेरीत मी उठलो आणि रॉजर्सचा स्टिकर लावला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ११ सप्टेंबरला सोमवारी रात्री तो हातात झेंडा घेऊन मैदानात धावत आला आणि चौथ्याच खेळीला खाली पडला. टाचेमागची शीर तुटली. हंगाम संपला.

लोक म्हणाले, नशीब. दुखापत नशिबाचीच होती, कुणालाही झाली असती. पण माझी चूक त्याच्या आधीची होती. मी त्याचं गणित मांडलंच नव्हतं. आदल्या वर्षी ग्रीन बेकडून त्याने ३,६९५ यार्ड, २६ टचडाऊन आणि १२ इंटरसेप्शन केले होते, धावून ९४ यार्ड आणि एक टचडाऊन. गुण होतात २४३. वरच्या माझ्या पहिल्या काल्पनिक क्वार्टरबॅकपेक्षाही कमी. वय ३९. तो पूर्ण हंगाम खेळला असता तरी त्या जागेला साजेसा नव्हता. वहीत दहा मिनिटं घालवली असती तर त्याचं नाव विसाव्या क्रमांकाच्या आसपास गेलं असतं. त्या वर्षापासून वहीत गणित नसलेलं नाव मी तक्त्यावर लावत नाही.

चौथी पायरी : गेल्या वर्षीचा आकडा तसाच्या तसा उचलू नका

टचडाऊनचा आकडा फार फसवा असतो. एखाद्या वर्षी सगळं जुळून येतं आणि शंभरामागे आठ-नऊ टचडाऊन होतात. पुढच्या वर्षी तेच होईल असं धरलं की पस्तावायची वेळ येते. २०१८ मध्ये पॅट्रिक महोम्सने ५८० फेकींत ५० टचडाऊन केले, शंभरामागे साडेआठहून जास्त. २०१९ मध्ये ४८४ फेकींत २६, म्हणजे साडेपाचच्या आत. तो वाईट खेळला नाही. त्याच मोसमात त्याच्या संघाने सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकला. रॉजर्सचे २०२० मध्ये ५२६ फेकींत ४८ होते, २०२१ मध्ये ५३१ फेकींत ३७. लमार जॅक्सनचे २०१९ मध्ये ४०१ फेकींत ३६, पुढच्या वर्षी ३७६ फेकींत २६. तिघेही मोठे खेळाडू आणि तिघेही पुढच्या वर्षी खाली आले. म्हणून ज्याचा दर सातच्या वर असेल त्याचा वहीत साडेपाच-सहावर आणा आणि ज्याचा तीनवर घसरला असेल त्याचा थोडा वर न्या.

फेकण्याचे यार्ड त्या मानाने स्थिर राहतात. धावण्याचे यार्ड तर जास्तच, कारण संघ क्वार्टरबॅकला मुद्दाम धावायला लावतो की नाही हे प्रशिक्षकाच्या पद्धतीत ठरलेलं असतं. फिलाडेल्फियाचा जेलन हर्ट्स घ्या. गोलरेषा एक यार्डावर आली की संघातले सगळे मिळून त्याला मागून ढकलतात आणि तो चेंडू पोटाशी धरून आत घुसतो. या खेळीला तिथे 'टश पुश' म्हणतात. २०२२ मध्ये त्याचे धावून १३ टचडाऊन, २०२३ मध्ये १५, २०२४ मध्ये १४. त्या शेवटच्या वर्षी त्याच्या शेजारी सकॉन बार्कली होता, जो हंगामात दोन हजारांवर यार्ड धावला, तरी हर्ट्सचे टचडाऊन फारसे कमी झाले नाहीत. असा आकडा वहीत निर्धास्त लिहावा. मात्र ती खेळी, तो प्रशिक्षक आणि क्वार्टरबॅकच्या पुढची ती भिंत अजून तिथेच आहेत ना, एवढं दर ऑगस्टला तपासायचं.

इंटरसेप्शनला नवे लोक उगाच घाबरतात. २०२३ मध्ये बफेलोच्या जॉश ॲलनने १८ इंटरसेप्शन दिले आणि टीव्हीवर रोज त्याचा पंचनामा झाला. फँटसीत त्याचे गेले ३६ गुण. धावून केलेल्या १५ टचडाऊनचे आले ९०. सगळं मिळून ३९० च्या पुढे. टीव्हीवरची टीका आणि तुमच्या लीगचे गुण यांचा संबंध फार थोडा.

पाचवी पायरी : माणसाभोवतीचा संघ बघा

गणित झालं की प्रत्येक नावापुढे चार प्रश्नांची उत्तरं लिहा. खेळी ठरवणारा प्रशिक्षक तोच आहे का? पहिल्या पसंतीचे रिसीव्हर आहेत का? क्वार्टरबॅकला वाचवणारी समोरची फळी टिकाऊ आहे का? आणि जागा त्याची पक्की आहे का?

सॅम डार्नल्ड हे याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण. २०१८ मध्ये एनएफएलच्या स्वतःच्या ड्राफ्टमध्ये, जिथे संघ कॉलेजमधून येणारे खेळाडू निवडतात, जेट्सने त्याला तिसऱ्या क्रमांकावर निवडलं, तिथे जमलं नाही, पुढे कॅरोलायनातही नाही, २०२३ मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोत राखीव होता. २०२४ मध्ये मिनेसोटाला गेला. प्रशिक्षक केव्हिन ओकॉनेल आणि रिसीव्हर जस्टिन जेफरसन. ४,३१९ यार्ड, ३५ टचडाऊन, १२ इंटरसेप्शन. फक्त फेकण्याचेच गुण २८९. हात तोच होता, भोवतीची माणसं बदलली.

उलट्या बाजूचं उदाहरण ह्यूस्टनचा सी. जे. स्ट्राउड. पदार्पणाच्या २०२३ मध्ये ४,१०८ यार्ड, २३ टचडाऊन आणि फक्त ५ इंटरसेप्शन. सगळ्यांनी २०२४ साठी त्याला अगदी वर नेलं. त्या वर्षी त्याचे रिसीव्हर एकामागून एक जखमी झाले, समोरची फळी कोसळली, पन्नासहून अधिक वेळा तो चेंडूसकट खाली पाडला गेला. २० टचडाऊन, १२ इंटरसेप्शन. माझ्या मते नव्या माणसाने या समोरच्या फळीकडे सगळ्यांत जास्त लक्ष द्यावं, कारण तिच्याबद्दल कुणी बोलत नाही आणि तिच्यावाचून बाकी काहीच चालत नाही.

नवोदितांबद्दल एवढंच : धावणारा नवोदित घ्या, नुसता फेकणारा नको. २०२४ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर शिकागोने कॅलेब विल्यम्स घेतला, दुसऱ्यावर वॉशिंग्टनने जेडन डॅनियल्स. नाव विल्यम्सचं मोठं होतं. डॅनियल्स मात्र कॉलेजच्या शेवटच्या वर्षी १,१३४ यार्ड धावला होता. एनएफएलच्या पहिल्याच हंगामात ८९१ यार्ड धावला, धावून ६ टचडाऊन, फेकून २५, आणि गुण जवळपास ३५०. विल्यम्सने धावून एकही टचडाऊन केला नाही. नवोदिताला प्रतिस्पर्ध्याची बचावफळी वाचायला वेळ लागतो. पळायला लागत नाही.

धावणाऱ्यांचा धोकाही लिहून ठेवा. ते जास्त मार खातात. लमार जॅक्सन २०२१ आणि २०२२ या दोन्ही वर्षी बाराच सामने खेळला. इंडियानापोलिसचा अँथनी रिचर्डसन २०२३ मध्ये चार सामन्यांनंतर खांद्याच्या दुखापतीने बाहेर गेला. २०२४ साठी लोकांनी त्याला पुन्हा वर धरलं, पण फेकी निम्म्याही धड पोचल्या नाहीत आणि मधेच त्याला बसवलं. पाय कितीही चांगले असले तरी संघाने बसवू नये इतपत फेकता आलं पाहिजे. तरीही एका क्वार्टरबॅकच्या लीगमध्ये मी क्रमवारी सामन्यामागच्या गुणांवरच लावतो, हंगामाच्या बेरजेवर नाही. कारण तो दोन आठवडे बसला तर उरलेल्या विसांतला कुणीतरी चालून जातो. सुपरफ्लेक्समध्ये हे करू नका, तिथे बदली मिळत नाही.

सहावी पायरी : क्रमांक पुसा, रेघा मारा

आता वहीत गुणांप्रमाणे पंधरा-वीस नावं उतरली असतील. इथे बहुतेक लोक थांबतात आणि एक, दोन, तीन असे क्रमांक घालतात. त्याऐवजी वरून खाली वाचत जा आणि प्रत्येक दोन नावांमध्ये स्वतःला विचारा : याच्याऐवजी तो मिळाला तर मला वाईट वाटेल का? वाटत नसेल तर पुढे जा. वाटेल, तिथे पेन्सिलने आडवी रेघ मारा. माझ्या पानावर साधारण चार रेघा पडतात. वरच्या गटात तीन-चार नावं, दुसऱ्यात चार-पाच, तिसऱ्यात सात-आठ, उरलेले खाली. इथल्या भाषेत या गटांना टिअर म्हणतात.

ड्राफ्टमध्ये उपयोग होतो तो या रेघांचा. बहुतेक लीगमध्ये स्नेक ड्राफ्ट असतो : पहिल्या फेरीत एक ते बारा, दुसरीत उलटं बारा ते एक. बारावी जागा मिळाली तर तुम्ही १२ आणि १३ अशा लागोपाठ दोन निवडी करता आणि मग थेट ३६ आणि ३७. मध्ये २२ खेळाडू जातात. आपली पाळी आली की वहीकडे बघा. दुसऱ्या गटात अजून चार नावं असतील तर घाई नको, रिसीव्हर घ्या, परत पाळी येईपर्यंत एखादा तरी उरेल. एकच नाव उरलं असेल आणि रेघ जवळ आली असेल तर हीच वेळ.

किती किंमत द्यायची? वरच्या गटातला तिसऱ्या फेरीच्या शेवटी किंवा चौथीत मिळत असेल तर मी घेतो. पहिल्या दोन फेऱ्यांत कधीच नाही. चौथीत हुकला तर मग नवव्या-दहाव्या फेरीपर्यंत थांबतो, कारण मधल्या फेऱ्यांत घेतलेला क्वार्टरबॅक आणि नवव्या फेरीतला यांच्यात दिलेल्या किमतीइतका फरक क्वचितच असतो. २०२४ चंच बघा. ऑगस्टमध्ये ॲलन, हर्ट्स, महोम्स आणि जॅक्सन सगळ्यांच्या यादीत वर होते. जॅक्सनने ते खरं केलं : ४,१७२ यार्ड, फेकून ४१ टचडाऊन, इंटरसेप्शन फक्त ४, धावून ९१५ यार्ड. गुण ४३०च्या पुढे. महोम्स मात्र ३,९२८ यार्ड आणि २६ टचडाऊनवर राहिला. आणि टँपा बेचा बेकर मेफील्ड, ज्याला लोकांनी शेवटच्या फेऱ्यांत घेतलं किंवा कित्येक ठिकाणी घेतलंच नाही, त्याने ४,५०० यार्ड, ४१ टचडाऊन आणि १६ इंटरसेप्शन केले, धावून ३७८ यार्ड आणि ३ टचडाऊन. गुण ३६८च्या जवळ. जॅक्सनपेक्षा सत्तरेक गुण कमी, म्हणजे सामन्यामागे चार. जॅक्सनसाठी दिलेली तिसरी फेरी सार्थकी लागली, महोम्ससाठी दिलेली नाही, आणि मेफील्डसाठी कुणी काहीच दिलं नव्हतं.

एकाच गटातले दोघे समोर आले तर मी तीन गोष्टी बघतो. माझ्याकडे आधीच त्याच्या संघाचा मोठा रिसीव्हर आहे का? २०२४ मध्ये जो बरोने ४३ टचडाऊन फेकले, त्यांतले १७ एकट्या जमार चेसने पकडले. ज्याच्याकडे दोघेही होते त्याला प्रत्येक झेलाचे दोनदा गुण मिळाले. दुसरं, डिसेंबरमध्ये तो कुठे खेळतो. फँटसीचे बाद फेरीचे सामने बहुधा १५ ते १७ या आठवड्यांत असतात आणि बफेलो किंवा क्लीव्हलंडचा तेव्हाचा वारा चेंडू उडवून नेतो. पण ॲलन बफेलोतच खेळून इतके गुण करतो, त्यामुळे याला फार वजन देऊ नका. तिसरं, धावतो कोण.

सुटीच्या आठवड्याचा विचार ड्राफ्टच्या वेळी करू नका. प्रत्येक संघाला हंगामात एक आठवडा विश्रांती असते. त्या एका दिवसासाठी दुसरा क्वार्टरबॅक तीन महिने बाकावर ठेवणं परवडत नाही. त्या आठवड्यात लीगमध्ये जो कुणाच्याच संघात नसेल तो घ्या आणि नंतर सोडून द्या.

सातवी पायरी : शेवटचे आठ दिवस

ड्राफ्टची तारीख तुमच्या हातात असेल तर ती हंगामाच्या पहिल्या सामन्याच्या जितकी जवळ ठेवता येईल तितकी ठेवा. ऑगस्टच्या शेवटी प्रत्येक संघ आपली यादी ५३ जणांवर आणतो. त्यानंतर पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक कोण याबद्दल फारशी शंका उरत नाही. सराव सामन्यांतल्या आकड्यांकडे बघू नका, मुख्य खेळाडू त्यांत जेमतेम दिसतात. बघायचंच असेल तर एवढं बघा की पहिल्या फळीबरोबर मैदानात कोण उतरला.

वहीचं पान ड्राफ्टच्या आदल्या रात्री एकदाच सुधारा. त्या दिवशी सकाळी कुणी मित्राने सांगितलं म्हणून नाव वरखाली करू नका. अगदी खरी बातमी असेल, दुखापतीची किंवा जागा गेल्याची, तेवढीच अपवाद. ड्राफ्ट चालू असताना जे नाव गेलं ते खोडत जा, म्हणजे रेघेच्या वर किती उरले ते एका नजरेत दिसतं. ॲपमध्येही यादी असते, पण तिचा क्रम ॲपवाल्यांचा असतो आणि समोरच्या अकराही जणांना तोच दिसत असतो.

भारतात बसून खेळणाऱ्यांसाठी वेळा सांगून ठेवतो, माझ्या मामेभावाला पहिल्या महिन्यात याच नडल्या. रविवारचे पहिले सामने न्यूयॉर्कच्या दुपारी १ वाजता सुरू होतात, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं मागे जातात, मग साडेअकरा. गुरुवारचा सामना आपल्याकडे शुक्रवारी पहाटे असतो, सोमवारचा मंगळवारी पहाटे. कोण खेळणार नाही याची अधिकृत यादी सामन्याच्या ९० मिनिटं आधी येते. म्हणून ऑक्टोबरअखेरपर्यंत रविवारी रात्री नऊचा गजर लावा, नोव्हेंबरपासून दहाचा. जेवण झालेलं असतं, ॲप उघडायचं, क्वार्टरबॅकच्या नावापुढे तांबडी खूण आहे का ते बघायचं, असेल तर मोकळ्यांतला कुणी उचलून बसवायचा. शुक्रवारच्या पहाटेचा सामना असेल तर तोवर कळलेल्या बातमीवर हे गुरुवारी झोपण्याआधीच करून टाका.